वाचकांचे प्रश्न : शेवाळ नक्की कितव्या थेंबाला दचकतं?

मागच्या अंकात मी ड्रोमिक्स नावाच्या सॉफ्टवेअरबद्दल जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं. एखादं केमिकल थोडं थोडं वाढवत नेलं की हजारो जीन्सपैकी कुठली जीन कितव्या डोसला हलायला लागते, म्हणजे तिचं काम वाढायला किंवा घटायला लागतं, ते काढून देणारं, आर या स्टॅटिस्टिक्सच्या प्रोग्रामिंग भाषेतलं फुकटचं पॅकेज, एवढंच. त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सॲप आले की संपादक म्हणाले हा अंक त्यालाच देऊन टाका. देते. तेच तेच प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (सांगली, निवृत्त शिक्षिका): ताई, माझी सून फ्रान्सला लियॉनमध्ये असते. काय काम करतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, आई, मी शेवाळाला टूथपेस्टमधलं औषध घालते आणि ते कितव्या थेंबाला दचकतं ते मोजते. हे चेष्टेत घ्यायचं की खरं? आणि याला सॉफ्टवेअर कशाला लागतं?

उत्तर: अगदी खरं सांगतेय हो ती, आणि इतकं सोप्पं करून मला नसतं जमलं, म्हणून या अंकाचं शीर्षक मी तिच्याकडूनच ढापलंय. ते औषध बहुधा ट्रायक्लोसान. जंतुनाशक आहे, कित्येक वर्षं साबण, हँडवॉश, टूथपेस्ट सगळ्यांत असायचं, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनानं, २०१६ मध्ये ते आणि आणखी १८ घटक हँडवॉश-साबणांतून काढायला लावले. आपण हात धुतले की ते मोरीतून गटारात, गटारातून नदीत, आणि नदीत शेवाळ असतं. ट्रायक्लोसान बॅक्टेरियाची फॅटी ॲसिड बनवायची यंत्रणा अडवतं, आणि गंमत म्हणजे शेवाळाला ते माशांपेक्षा खूप आधी बाधतं. शेवाळ आटलं की त्यावर जगणारे बारके किडे आणि त्यांच्यावर जगणारे मासे यांचंही बिनसतं, म्हणून ही माणसं थेट माशाकडे न जाता आधी शेवाळाकडे जातात.

ड्रोमिक्सचं बारसंही याच जोडीवर झालंय. सिनेडेस्मस व्हॅक्युओलॅटस नावाचं एकपेशीय हिरवं शेवाळ आणि ट्रायक्लोसान. लियॉनच्या मारी लॉर देलिन्येत-म्युलर, त्यांचे फ्रान्समधले सहकारी आणि जर्मनीत लाइपझिगच्या यूएफझेड संस्थेतली मंडळी यांनी मिळून २०१८ मध्ये हे टूल पेपरात मांडलं, २०२० मध्ये त्याच शेवाळाच्या जीन्स आणि मेटाबोलाइट्स (पेशीत तयार होणारी छोटी रसायनं) दोन्ही एकत्र बघितले, २०२३ मध्ये वाढवलेल्या कामाचा आणखी एक पेपर आला.

आता सॉफ्टवेअर कशाला. तुम्ही आमटी करता. रोज मीठ हातानंच टाकता, मोजून नाही, त्यामुळे रोजची चव थोडी इकडेतिकडे होतेच आणि घरात कुणी काही बोलत नाही. पण एक दिवस असा येतो की पहिला घास घेऊन सगळे वर बघतात. रोजच्या त्या इकडेतिकडेच्या बाहेर चव गेली, त्या वेळी पडलेलं मीठ म्हणजे बेंचमार्क डोस, बीएमडी. (बीएमडी म्हटलं की माझ्या आईला हाडांची टेस्ट आठवते, त्याचा इथं संबंध नाही.) आता मीठ म्हणजे केमिकल आणि पातेलं म्हणजे एक जीन असं समजा, आमटी एक नाही, वीस हजार पातेली आहेत, प्रत्येकाची रोजची गडबड वेगळी, काहींत मीठ वाढवलं की चव वाढते, काहींत कमी होते, काहींत आधी वाढते आणि मग उतरते. हे हातानं कोण बसणार करत. कल्पना तशी जुनी आहे, केनी क्रम्प यांनी १९८४ मध्ये मांडली, पण तेव्हा पातेली मोजकी होती.

सूनबाईंना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न (पुणे, पीएचडी दुसरं वर्ष): मॅडम, झेब्राफिशच्या भ्रूणांवर एका कीटकनाशकाचा प्रयोग करायचाय. गाइडचं म्हणणं कंट्रोल (म्हणजे शून्य डोस) आणि तीन डोस, प्रत्येकी सहा रेप्लिकेट (त्याच डोसची सहा सॅम्पल), म्हणजे एकूण २४ सॅम्पल. तेवढ्याच आरएनए सिक्वेन्सिंगचे, म्हणजे कुठली जीन किती काम करतेय ते मोजायचे, पैसे आहेत. ड्रोमिक्सला हे चालेल का?

उत्तर: चालेल म्हणजे सॉफ्टवेअर हाकलून नाही देणार. कंट्रोल धरून चार डोस हा किमान आकडा आहे आणि तुमचे बरोब्बर चार होतात. पण चालणं वेगळं आणि उपयोग होणं वेगळं. तुमच्या गाइडची पद्धत "उपचार केलेले विरुद्ध न केलेले" अशा तुलनेच्या जमान्यातली आहे, तिथं रेप्लिकेट हेच सगळं असायचं. इथं आपण गट गटाशी ताडून बघत नाही, आपण डोस वाढेल तशी जीन कशी बदलते त्याचा कर्व्ह काढतोय, आणि कर्व्ह काढायला आडव्या रेघेवर, म्हणजे डोसच्या रेघेवर, जास्त जागी टेकू लागतात. त्याच २४ सॅम्पलमध्ये आठ डोस आणि तीन-तीन रेप्लिकेट करा, किंवा बारा डोस आणि दोन-दोन. ड्रोमिक्सवाले स्वतःच सांगतात की शक्यतो सहा किंवा जास्त डोस घ्या, रेप्लिकेट कमी झाले तरी चालतील. काही जणांना हे ऐकूनच घाम फुटतो, दोनच रेप्लिकेट म्हणजे काय स्टॅटिस्टिक्स होणार? होतं. कारण गडबड किती आहे हे एकाच डोसच्या सहा बाटल्यांवरून न काढता सगळे बिंदू फिट केलेल्या कर्व्हपासून किती लांब पडले त्यावरून काढतात.

आणि कर्व्हचे प्रकार बघा ना. सरळ रेघ, एक्सपोनेन्शियल, हिल, मग गॉस-प्रोबिट आणि लॉग-गॉस-प्रोबिट, म्हणजे दोन पॅरामीटरपासून (कर्व्हला आकार देणारे आकडे) पाच पॅरामीटरपर्यंत. शेवटचे दोन प्रकार घंटेसारख्या किंवा उलट्या घंटेसारख्या आकारासाठी, म्हणजे जीन आधी वर गेली आणि मग खाली आली तर. चार डोसवर पाच पॅरामीटर बसवायचा प्रश्नच येत नाही. कुठला कर्व्ह घ्यायचा ते ड्रोमिक्स एआयसी नावाच्या मोजमापाच्या छोट्या सॅम्पलसाठी सुधारलेल्या रूपावर ठरवतं, जो जास्त पॅरामीटर खाऊन थोडंच सुधारतो त्याला मार्क कापतात.

डोस कुठे ठेवायचे हे मात्र मी भोगून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लॅबमध्ये (नाव कशाला) आम्ही तीन डोस घेतले आणि ते एलसी५० च्या जवळपास घेतले, म्हणजे जिथं निम्मी पिल्लं मरतात तिथं, कारण "इफेक्ट दिसायला पाहिजे ना". दिसला की! सगळ्यात खालच्या डोसलाच हजारो जीन्स उलट्यापालट्या. पुढे बीएमडीचा प्लॉट काढला तर सगळे ठिपके डाव्या भिंतीला पाल चिकटावी तसे चिकटलेले. म्हणजे त्या जीन्स आमच्या पहिल्या डोसच्याही आधीच कुठेतरी हलल्या होत्या, कुठे ते आम्हाला कधीच कळणार नव्हतं. आज ड्रोमिक्समध्ये अशा वेळी एक तळ ठरवलेला असतो, सगळ्यात लहान डोसचा शंभरावा भाग, त्याच्याखाली बीएमडी जात नाही. निकाल त्या तळावर जाऊन बसायला लागले तर समजायचं आपण फार वरून सुरुवात केली. वर्षभराचं काम आणि दोन लाखांच्या आसपासचा खर्च, हाती ती भिंत. तर तुम्ही मरणाचा डोस आधी छोट्या प्रयोगात काढा, मग त्याच्या पुष्कळ खालपासून पट्टा पसरा, शक्यतो दर वेळी त्याच पटीनं वाढवत, म्हणजे १, ३, १०, ३० असं काहीतरी.

गाइडना कसं पटवायचं ते मात्र मला विचारू नका, माझे अजून पटलेले नाहीत.

प्रश्न (नाशिक, एमएससी बायोटेक): ड्रोमिक्स प्रत्येक जीनसाठी बीएमडीचे दोन आकडे देतं, एक झेड-एसडी आणि एक एक्स-फोल्ड. दोन्हींत कधीकधी दहापटीचा फरक असतो. थिसिसमध्ये कुठला लिहायचा?

उत्तर: झेड-एसडी लिहा. का ते एका जीनवर करूनच बघू, वही घ्या.

समजा कंट्रोलमध्ये एका जीनची लेव्हल लॉग२ मध्ये (जिथं १ वाढला म्हणजे दुप्पट) ८ आहे, आणि कर्व्हभोवतीची गडबड, म्हणजे एसडी, ०.२५. झेड १ घेतला (डिफॉल्ट तोच आहे) तर आपण विचारतोय की कर्व्ह ८.२५ ला किंवा ७.७५ ला कुठे टेकतो. समजा सरळ रेघच बसली आणि उतार आहे दर मायक्रोग्रॅमला ०.०५. मग ०.२५ भागिले ०.०५, बीएमडी आला ५ मायक्रोग्रॅम. लॉग२ मध्ये ०.२५ म्हणजे साधारण १९ टक्के वाढ, हे डोक्यात ठेवा.

आता एक्स-फोल्ड. त्याचं डिफॉल्ट आहे १० टक्के. कशाचे १० टक्के? कंट्रोलच्या आकड्याचे, म्हणजे ८ चे, ०.८. कर्व्ह ८.८ ला टेकला पाहिजे, म्हणजे १६ मायक्रोग्रॅम. पण थांबा, लॉग२ मध्ये ०.८ म्हणजे प्रत्यक्षात १.७४ पट! तुम्ही म्हणताय दहा टक्के बदल आणि मागताय चौऱ्याहत्तर टक्के. शेजारची जीन जर कंट्रोललाच १२ वर असेल तर तिच्याकडून तुम्ही १.२ मागता, म्हणजे २.३ पट. तिची चूक एवढीच की ती आधीपासून जास्त बोलकी आहे. लॉगच्या आकड्याचे टक्के काढले की असा घोळ होतो. वाढीचं वजन किंवा एन्झाइमची ॲक्टिव्हिटी असा साधा आकडा असेल, लॉग नसलेला, तर एक्स-फोल्डला अर्थ आहे, तिथं वापरा खुशाल.

झेड-एसडीलाही एक खोड आहे ती सांगून ठेवते, नाहीतर व्हायव्हाला कुणीतरी पकडेल. जीन जितकी गडबडी तितका तिचा एसडी मोठा, तितका बीएमडी उशिरा. म्हणजे तुमच्या पिपेटनं घातलेला गोंधळसुद्धा "ही जीन कमी संवेदनशील आहे" असा दिसू शकतो. म्हणून दोन वेगळ्या लॅबचे बीएमडी शेजारी ठेवताना एसडीचा कॉलमही बघा, आउटपुटमध्ये असतो तो.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर आणि आणखी चौघे): ड्रोमिक्समध्ये आरएनए-सेकची (आरएनए सिक्वेन्सिंगची) फाइल टाकली की एरर येतो.

उत्तर: टीपीएम किंवा एफपीकेएम, म्हणजे आधीच हिशोब करून बदललेले आकडे, टाकताय. काउंट टाका, कच्चे, पूर्णांकातले. नॉर्मलायझेशन (सॅम्पल एका पातळीवर आणणं) आणि ट्रान्सफॉर्मेशन ड्रोमिक्स आतल्या आत करतं. आणि पहिल्या ओळीत सॅम्पलची नावं नकोत, डोसचे आकडे पाहिजेत, साधे आकडे, लॉग न घेता, कंट्रोलला ०. एकानं त्या ओळीत "कंट्रोल" असं अक्षरी लिहिलं होतं, एकानं आकड्याला चिकटून एकक लिहिलं होतं. आयसीपी किंवा एचपीएलसी या लॅबमधल्या यंत्रांनी मोजलेला खरा डोस हाताशी असेल तर बाटलीवर लिहिलेल्यापेक्षा तो घाला, कारण पाण्यात टाकलेलं सगळं पाण्यात राहत नाही, काही काचेला चिकटतं, काही उजेडात मोडतं.

मेटाबोलाइटवाल्यांसाठी वेगळं: तिथं ड्रोमिक्स नॉर्मलायझेशन करत नाही, तुम्हीच आधी डेटा धुऊन, रिकाम्या जागा भरून, लॉग घेऊन द्यायचा. रिकाम्या जागी त्या मेटाबोलाइटच्या सगळ्यात लहान आकड्याच्या निम्मा भरणं ही एक रूढ पद्धत आहे. मला फारशी आवडत नाही, पण रूढ आहे.

प्रश्न (नागपूर): माझ्याकडे २१,००० जीन्स होत्या, निवडीनंतर ९०० राहिल्या, कर्व्ह बसल्यावर ७६०, आणि त्यातल्याही बऱ्याच बीएमडीसमोर एनए किंवा एनएएन. बाकीच्या गेल्या कुठे? सॉफ्टवेअर डेटा खातंय का?

उत्तर: खात नाहीये, चाळतंय. प्रत्येक चाळणीचं कारण वेगळं आहे.

पहिली चाळणी म्हणजे या जीनला डोसशी काही घेणंदेणं आहे का. २१,००० जीन्सना प्रत्येकी पाच टक्क्याची टेस्ट लावली तर काहीही न करता हजारभर जीन्स नुसत्या योगायोगानं "सापडतात", म्हणून बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांची १९९५ ची एफडीआरची पद्धत लावतात, सापडलेल्यांपैकी खोट्या किती असू द्यायच्या त्यावर लगाम. टेस्ट निवडताना क्वाड्रॅटिकच ठेवा, ती वर जाणारी, खाली येणारी, घंटा, उलटी घंटा सगळं पकडते. अनोव्हा, म्हणजे गटांच्या सरासरींची तुलना, हा पर्याय दिलाय पण डोस जास्त आणि रेप्लिकेट कमी असले की त्याला काही दिसत नाही, नागपूरकर, तुम्ही तोच निवडला असाल तर ९०० आल्या हेच नशीब.

दुसरी चाळणी, कर्व्ह बसला का. एकही मॉडेल नुसत्या सपाट रेघेपेक्षा बरं नसेल तर ती जीन बाहेर. कधी कधी बसलेल्या कर्व्हच्या उरलेल्या फरकातही वळण दिसतं, म्हणजे आकार पकडलाच नाही, तीही बाहेर.

मग एनए आणि एनएएन, हे दोन वेगळे आहेत हे बहुतेकांना माहीत नसतं. एनए म्हणजे तुमच्या सगळ्यात मोठ्या डोसपर्यंत जीन तेवढी हललीच नाही, पुढे हलली असती कदाचित. एनएएन म्हणजे कर्व्हचा आकारच असा की तो कितीही पुढे गेला तरी तिथवर पोचणार नाही, म्हणजे हिल कर्व्ह ८.६ ला सपाट झाला आणि तुम्ही ८.८ मागताय. तुमच्यात एनएएन भरपूर असतील तर ते बहुतेक एक्स-फोल्डच्या कॉलममध्ये असतील, वर नाशिककरांना दिलेलं उत्तर वाचा.

आणि बूटस्ट्रॅप केलात का? डेटा पुन्हा पुन्हा बनवून प्रत्येक वेळी बीएमडी काढायचा, डिफॉल्टला हजार वेळा, मग त्यातून ९५ टक्क्यांचा पट्टा. रात्री लावून झोपायचं काम आहे, लॅपटॉप चार्जरला लावा आणि गादीवर ठेवू नका. त्यानंतर काही जीन्सचा पट्टा वरच्या बाजूला अनंताला जाऊन टेकतो, म्हणजे बीएमडीचा आकडा आहे पण त्यात काही दम नाही. त्या गाळायचा पर्याय आहे, आणि माझं मत विचाराल तर थिसिसमध्ये गाळाच, पण किती गाळल्या तो आकडा लिहून. न लिहिता गाळणं म्हणजे निकाल गाळणं.

प्रश्न (ठाणे, पर्यावरण सल्लागार कंपनीत नोकरी): सगळ्यात कमी बीएमडी असलेली जीन घेतली की तोच आकडा "सुरक्षित मर्यादा" म्हणून रिपोर्टमध्ये लिहिता येईल का? क्लायंटला एकच आकडा हवाय.

उत्तर: क्लायंटला नेहमी एकच आकडा हवा असतो. नाही, लिहू नका.

आधी हे मान्य करते की जुन्या पद्धतीपेक्षा बीएमडी पुष्कळ बरा. जुनी पद्धत म्हणजे नोएक, ज्या डोसला काहीच "दिसलं नाही" असा मोठ्यात मोठा डोस. तो नेहमी तुम्ही टेस्ट केलेल्या डोसपैकीच एक असणार, आणि प्रयोग जितका ढिसाळ तितकं कमी दिसणार, म्हणजे नोएक तितका वर, म्हणजे केमिकल तितकं "सुरक्षित". गबाळ्याला बक्षीस देणारी पद्धत. युरोपच्या ईएफएसएनं, म्हणजे तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेनं, २००९ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये, अन्नातल्या धोक्यांच्या संदर्भात, बीएमडीच वापरा असं म्हटलंय ते उगाच नाही.

पण जीन दचकली म्हणजे जीव दुखावला असं नाही. तुम्ही ऊन लागलं की सावलीत सरकता, त्यासाठीही शरीरात जीन्स हलतात. सगळ्यात कमी बीएमडी असलेली एक जीन तर साफ योगायोगाचीही असू शकते. म्हणून जीन्सचे गट करतात, एकाच पाथवेतल्या, म्हणजे पेशीतल्या एकाच कामाच्या साखळीतल्या, आणि त्या गटाच्या बीएमडींचा पहिला चतुर्थक बघतात, ड्रोमिक्सचा सेन्सिटिव्हिटी प्लॉट तेच दाखवतो: गट किती मोठा, किती लवकर हलतो. शेवाळात फोटोसिंथेसिसचा अख्खा गट एखाद्या डोसला एकत्र खाली बसायला लागला तर ती बातमी. आणि मग त्याच डोसच्या आसपास शेवाळाची वाढ खरंच मंदावते का हे मोजायचं, तो आकडा त्याच सॉफ्टवेअरमध्ये त्याच कर्व्हनी फिट होतो, दोन्ही शेजारी ठेवून बोलता येतं. वाढीचा बीएमडी ५० आणि जीन्सच्या गटाचा ५ असेल तर तुमच्याकडे इशारा आहे, मर्यादा अजून नाही.

वर, हे सगळं एका प्रजातीचं. नदीत एकच प्रजाती असते थोडीच. गिधाडांचं आठवा. डायक्लोफेनॅक माणसाला, गुरांना वर्षानुवर्षं चाललं, आणि औषध दिलेली गुरं मेल्यावर ज्यांनी खाल्ली त्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात ९९ टक्क्यांहून जास्त घटली, कारण शोधून पेपरात यायला २००४ उजाडलं, भारतात जनावरांसाठी बंदी आली २००६ ला. तिथं कर्व्ह चुकला नव्हता, त्या पक्ष्याला कुणी विचारलंच नव्हतं. कुठलंही सॉफ्टवेअर न टेस्ट केलेल्या प्रजातीबद्दल बोलत नाही. रिपोर्टमध्ये आकडा नाही, पट्टा लिहा, आणि कुठल्या जीवावर, किती तासांत, कुठल्या टप्प्यावरचा ते त्याच ओळीत लिहा, पान ४० वरच्या तळटीपेत नको.

प्रश्न (मुंबई): याच कामाचं अमेरिकन बीएमडीएक्सप्रेस आहे, कॅनडातलं फास्टबीएमडी आहे, मग ड्रोमिक्सच का?

उत्तर: उंदीर किंवा माणसाच्या पेशी असतील तर बीएमडीएक्सप्रेस घ्या, अमेरिकेच्या सरकारी टॉक्सिकॉलॉजीवाल्यांनी त्यावर खूप काम केलंय. फास्टबीएमडी ब्राउझरमध्ये झटपट चालतं. ड्रोमिक्स इकॉलॉजीवाल्यांच्या घरात वाढलंय, ज्यांच्या जीवाचा जीनोम धड कुणी लिहिलेला नाही, रेप्लिकेट कमी आणि ओमिक्सचे (जीन्स, मेटाबोलाइट्स असं सगळं एकदम मोजण्याचे) प्रकार दोन-तीन. पाथवेची नावं तुम्ही स्वतःच्या फाइलमधून देता, त्याला कुठलाही जीव चालतो. आर येत नसेल तर शाइनीवर, म्हणजे ब्राउझरमधल्या तयार पानावर, बटणं दाबूनही होतं, पण आर शिका हो, बटणं काय दाबली होती ते सहा महिन्यांनी आठवत नाही.

प्रश्न (रत्नागिरी जिल्हा, खाडीकाठचे मच्छीमार): मॅडम, माझ्या पुतणीनं तुमचं वाचून दाखवलं. आमच्या खाडीत दर दोन-तीन वर्षांनी मासे मरून वर येतात. आम्ही म्हणतो वरच्या कारखान्यांचं पाणी, ते म्हणतात पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला. तुमच्या त्या मशीनवर खरं काय ते निघेल का?

उत्तर: दादा, मशीन नाही ते, हिशोबाची वही आहे, वहीत जे लिहाल त्याचाच हिशोब ती करणार. आणि मेलेल्या माशाचा तर मुळीच नाही, कारण जीन्स किती हलल्या ते ज्याच्यावरून मोजतात तो पेशीतला आरएनए मेल्यावर तासाभरात खराब व्हायला लागतो. दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्याही असू शकतात बरं का, घाण पाणी आलं की ते कुजताना ऑक्सिजन खातं.

पण वर्षभर जिवंत माशांत काय चाललंय ते बघता येईल. ड्रोमिक्स लॅबमध्ये ठरवलेले डोसच मागतं असं नाही. खाडीत पंधरा-वीस ठिकाणी पाणी मोजा, त्या त्या ठिकाणचा मासा किंवा कालव घ्या, प्रत्येक ठिकाणचा डोस वेगळा असला तरी त्याचा कर्व्ह निघतो. शून्य डोसची जागा खाडीत कुठून आणणार, तर एक पातळी ठरवून द्यायची सोय आहे, तिच्याखालचं सगळं शून्य धरतात.

यातली मेख तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत असेल. कारखाना वर, समुद्र खाली. म्हणजे जिथं घाण जास्त तिथं पाणी गोडं, जिथं घाण कमी तिथं खारं. मिठानंही माशाच्या जीन्स हलतात, भरपूर हलतात. कर्व्ह सुंदर येईल आणि समोरचा वकील विचारेल, हे केमिकलमुळे की मिठामुळे, आणि त्याचं बरोबर असेल. म्हणून शेजारची एखादी खाडी शोधा जिला वर कारखाना नाही, आणि तिथले तितक्याच खारटपणाचे नमुने घ्या, जोडीजोडीनं. हे काम विद्यापीठातल्या कुणाला तरी बरोबर घेऊनच करा, आरएनएला द्रव नायट्रोजन किंवा खास द्रावण लागतं, घरचा बर्फ पुरत नाही.

तोवर पुतणीला एक काम सांगा. ऑक्सिजन, खारटपणा आणि तापमान मोजायचं साधं मीटर कुठून मिळतंय का बघा, कॉलेजात असतं. आठवड्यातून दोनदा, पूर्ण ओहोटीला आणि पूर्ण भरतीला, त्याच चार ठिकाणी, पहाटेसुद्धा, कारण ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो. तारीख, तिथी, वेळ, आकडा. पुढच्या वेळी मासे वर आले तर त्या वहीत त्याआधीच्या दिवसांचे आकडे असले पाहिजेत.